उन्हं उतरताना घातलेले टाके

इंग्लंड आणि फ्रान्स यांच्या मधल्या जर्सी बेटावर १६०८ साली एक कायदा झाला. सुगीच्या दिवसांत आणि खतासाठी समुद्रातलं शेवाळ गोळा करण्याच्या दिवसांत पंधरा वर्षांवरच्या कोणीही मोजे विणायचे नाहीत. विणताना सापडला तर कोठडी, आणि कोठडीत फक्त पाव आणि पाणी. जेमतेम १२० चौरस किलोमीटरच्या त्या बेटावर बायका, पुरुष, पोरं सगळीच मोजे विणत आणि ते इंग्लंड-फ्रान्सला विकत. त्यात इतका पैसा होता की उन्हाळा सरता सरता पीक उभं राही आणि कापायला हात मिळत नसत. सरकारला शेवटी सुया खाली ठेवायला लावाव्या लागल्या.

त्या बेटाचं नाव मराठी घरांत आजही दोन वाटांनी येतं. एक गोठ्यातली जर्सी गाय आणि दुसरी क्रिकेटपटूच्या अंगातली जर्सी. दुसरीचं मूळ थेट त्या विणकामात आहे.

उन्हाळा उतरणीला लागला की काय विणावं, हा या पुस्तकाचा विषय. तो ऐकून पहिली शंका येते ती उकाड्याची: घामेजल्या हातात लोकर कोण धरणार? जर्सीच्या कायद्यात तिचं उत्तर आहे. विणणारा माणूस ऋतूच्या मागून चालला तर त्याचं काम वाया जातं. मोठ्या माणसाचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर फावल्या वेळात विणायचा तर दीड-दोन महिने सहज जातात. थंडी पडल्यावर टाके घालणाऱ्याचा स्वेटर होळीच्या सुमारास तयार होतो. म्हणून थंडीचे कपडे उन्हात सुरू होतात आणि उन्हाळ्याचा शेवट हा विणकामाच्या वर्षाचा आरंभ ठरतो.

मात्र हा 'शेवट' सगळीकडे एकाच महिन्यात येत नाही. युरोप-अमेरिकेत तो ऑगस्ट-सप्टेंबरात येतो. तिथली विणकामाची मासिकं, पुस्तकं आणि दुकानं याच सुमाराला शरदाच्या नमुन्यांनी भरून जातात. महाराष्ट्रात तेव्हा श्रावण-भाद्रपद असतो आणि वाळत घातलेले कपडेसुद्धा वाळत नाहीत. आपल्याकडे उन्हाळा दोनदा संपतो: एकदा मृगाच्या तोंडावर आणि दुसऱ्यांदा पाऊस परतल्यावर, ऑक्टोबर हीट ओसरताना. पहिल्या वेळी पावसाळ्यातल्या तान्ह्या बाळांसाठी विणायचं असतं, दुसऱ्या वेळी निफाड, नाशिक, पुणे, महाबळेश्वरच्या थंडीसाठी. तिसरंही एक पंचांग आता मराठी घरांत शिरलं आहे. लेकीच्या बाळंतपणासाठी लंडन, टोरांटो किंवा न्यू जर्सीला गेलेली आई ऑगस्टमध्ये तिथल्या खिडकीत बसून नातवाच्या पहिल्या बर्फाळ हिवाळ्यासाठी टोपडं विणते. न्यू जर्सी हे नावही त्याच बेटावरून पडलेलं.

नव्या वाचकासाठी आधी मुळाकडे जायला हवं. मराठीत 'विणणं' हे क्रियापद भलतंच पसरलेलं आहे. पैठणी विणतात, घोंगडी विणतात, खाट विणतात, टोपली विणतात आणि स्वेटरही विणतात. पहिल्या चारांत उभे-आडवे धागे, नवार किंवा कामट्या एकमेकांच्या खालून-वरून जातात. स्वेटरमध्ये एकच अखंड धागा असतो आणि त्याचे फास. सुईवरच्या प्रत्येक फासातून नवा फास ओढून काढायचा. तो आपल्याकडच्या बाजूला आला तर सुलट टाका, पलीकडे गेला तर उलट. बाकीचा सगळा पसारा या दोन टाक्यांचा आहे. धागा सुईवर नुसता वळवून घेतला की तिथे भोक पडतं आणि जाळी सुरू होते. दोन टाके एकत्र विणले की एक कमी होतो. टाक्यांची जागा अदलाबदल केली की वेणी पडते. एका ओळीत दोन रंगांचे धागे आळीपाळीने घेतले की नक्षी उमटते.

कापड फासांचं असल्यामुळे ते ताणलं जातं. म्हणूनच मोजा टाचेवर नेमका बसतो आणि बाळाच्या डोक्यावर टोपडं घट्ट न होता टिकतं. फास असल्यामुळेच ते उसवताही येतं. मोठ्या भावाला आखूड झालेला स्वेटर उसवायचा, वेडीवाकडी झालेली लोकर वाफेवर धरून सरळ करायची, लडी करून धुवायची आणि त्यात नवा पट्टा मिसळून धाकट्याचा स्वेटर काढायचा, हा उद्योग अनेक मराठी घरांनी केला आहे. शिवलेल्या कपड्याला हे भाग्य नाही.

विणकाम म्हणजे थंड मुलखातली कला, हा समज इतिहासाला धरून नाही. दोन सुयांच्या विणकामाचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने तुकडे आणि मोजे इजिप्तमधले, साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकांतले आहेत, आणि त्यांतले नामांकित मोजे सुताचे आहेत. पांढऱ्या सुतावर निळीत बुडवलेल्या सुताची नक्षी आणि कुठे कुठे कुफी लिपीच्या वळणाची पट्टी. त्याहूनही जुने, दीड हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे लोकरी मोजे इजिप्तमध्येच सापडले आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ठेवले गेले. चपलेचा पट्टा बसावा म्हणून त्यांचा अंगठा वेगळा काढलेला आहे. पण ते एकाच सुईने धागा ओवत केलेले. ते तंत्र वेगळं. थोडक्यात, उन्हाळी विणकाम सुतात करायचं ही कल्पना या कलेच्या सर्वांत जुन्या वहिवाटीला धरूनच आहे.

तिथून ही विद्या भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने युरोपात गेली. स्पेनमधल्या बुर्गोस शहराजवळच्या मठात १२७५ साली वारलेल्या एका राजपुत्राच्या थडग्यात रेशमात विणलेली उशी मिळाली. तिच्या कडेला अरबी अक्षरं आहेत. सन १४०० च्या आसपास जर्मनीत रंगवलेल्या एका वेदीचित्रात मेरी चार सुयांवर बाळ येशूचा बिनशिवणीचा अंगरखा विणते आहे. म्हणजे तोवर गोल विणणं चित्रकाराच्या ओळखीचं झालं होतं. फ्लॉरेन्सच्या ड्यूकची पत्नी एलिओनोरा हिला १५६२ मध्ये पुरताना तिच्या पायांत रेशमी विणीचे मोजे होते आणि त्यांत उलट टाक्यांची नक्षी होती. उलट टाक्याचा तो जुना आणि भक्कम पुरावा. पुढे १५८९ मध्ये इंग्लंडमधल्या कॅल्व्हर्टन गावच्या विल्यम ली या धर्मोपदेशकाने मोजे विणणारं यंत्र बनवलं. यंत्रामुळे हातविणकाम संपलं नाही. यंत्राला न जमणाऱ्या कामांकडे आणि यंत्र न पोचलेल्या बेटांकडे ते सरकलं. आज ज्यांना विणकामाची 'घराणी' म्हणता येईल, ती बहुतेक याच वळणावर तयार झाली.

पहिलं घराणं जाळीदार विणीचं, आणि उन्हाळ्याशी सर्वांत जवळचं नातं त्याचंच. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर मेंढ्यांची लोकर उन्हाळ्याच्या सुरुवातीला आपणहून सुटू लागते. पूर्वी ती कातरीने न काढता हाताने उपटून घेत. मानेजवळची सर्वांत तलम लोकर वेगळी काढायची, केसासारखा धागा कातायचा आणि त्यातून अंगठीतून आरपार जाईल अशी शाल विणायची. तिथे उन्हाळ्यात रात्र पुरती काळी होतच नाही, त्यामुळे बारीक काम उशिरापर्यंत दिसतं. इंधनासाठी सुकवलेली पीटची माती पाठीवरच्या टोपलीत वाहून आणतानाही तिथल्या बायका चालता चालता विणत. कमरेच्या पट्ट्याला सुईचं टोक खोचलेलं असे, म्हणून हात मोकळा राही.

एवढ्या कौशल्याचा मोबदला मात्र रोख मिळत नसे. व्यापारी शालीच्या बदल्यात चहा आणि कापड देत, तेही आपल्याच दुकानातलं. ही पद्धत इतकी मुरली होती की १८७२ मध्ये ब्रिटिश सरकारच्या चौकशी आयोगाने शेटलंडच्या विणकरणींच्या साक्षी नोंदवून घेतल्या. हाताच्या कामाला मान आणि पैसा या दोन गोष्टी वेगवेगळ्या वेळी मिळतात, हे त्या साक्षी वाचताना कळतं. आपल्याकडे स्वेटर विणून देणाऱ्या बाईला लोकरीचे पैसे देऊन वर 'तुम्हाला काय, बसल्या बसल्या होतं' असं ऐकवलं जातं, ते काही फार निराळं नाही.

एस्टोनियातल्या हाप्सालू गावाची गोष्ट सुखाची आहे. समुद्रकाठच्या चिखलाचे औषधी लेप घेण्यासाठी १८२५ पासून तिथे आरोग्यधाम सुरू झालं आणि उन्हाळ्यात रशियन साम्राज्यातली धनिक मंडळी येऊ लागली. गावातल्या बायका फिरायच्या रस्त्यालगत बसून शाली विणत आणि तिथेच विकत. या शालींची ओळख म्हणजे 'नुप', म्हणजे कळी. एकाच टाक्यात पाच, सात किंवा नऊ फास काढायचे आणि पुढच्या ओळीत ते सगळे एकत्र उलट विणायचे. कापडावर छोटासा उंचवटा येतो. शालीची झालर वेगळी विणून मग शालीला जोडतात. सुट्टीचं गाव, उतरती उन्हं, संध्याकाळच्या समुद्रवाऱ्यासाठी खांद्यावर काहीतरी हवं असलेलं गिऱ्हाईक: उन्हाळ्याच्या शेवटी विणायच्या वस्तूची याहून नेमकी जाहिरात कोणाला सुचली नसती.

दुसरं घराणं रंगांचं. शेटलंडच्याच फेअर आइलवर एका ओळीत दोनपेक्षा जास्त रंग घेत नाहीत. तरी ओळीगणिक रंग बदलत गेले की स्वेटर दहा रंगांचा वाटतो. मागे सोडलेल्या धाग्यांमुळे कापड दुहेरी होतं आणि ऊब वाढते. तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सने १९२२ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या गोल्फ मैदानावर असा स्वेटर घातला आणि ती फॅशन झाली. आइसलंडचा गोल गळपट्टीवरच्या नक्षीचा 'लोपापेसा' सनातन वाटतो, पण तो विसाव्या शतकाच्या मध्यावरचा आहे. भारतात या कुळातलं नाव म्हणजे लाहौल. तिथल्या बायकांनी विणलेल्या भौमितिक नक्षीच्या मोज्यांना आणि हातमोज्यांना २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

तिसरं घराणं उठावाचं: एकरंगी लोकर आणि उलट-सुलट टाक्यांची, वेण्यांची नक्षी. इंग्लंड-स्कॉटलंडच्या कोळ्यांचे घट्ट विणीचे 'गान्सी' आणि आयर्लंडचे ॲरन स्वेटर यातले. यांच्याभोवती एक दंतकथा फिरते: प्रत्येक कुटुंबाची वीण वेगळी असे आणि बुडालेल्या कोळ्याचं प्रेत तिच्यावरून ओळखता येई. तिला बळ मिळालं जॉन सिंजच्या 'रायडर्स टू द सी' या १९०४ मध्ये रंगभूमीवर आलेल्या नाटकामुळे. पण त्या नाटकात ओळख पटते ती मोज्यावरून, आणि तीही निसटलेल्या टाक्यांवरून. ॲरन स्वेटर तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत आकाराला आला. जुनेपणाची कथा विक्रीसाठी सोयीची होती, म्हणून ती टिकली.

विणकाम म्हणजे बायकांचं काम, हाही असाच अलीकडचा समज. मध्ययुगीन युरोपात विणकरांचे संघ पुरुषांचे होते. फ्रान्सच्या लांद प्रदेशातले मेंढपाळ दलदलीत उंच पायकाठ्यांवर उभे राहून कळपावर नजर ठेवत विणत. पेरूतल्या ताकिले बेटावर आजही टोप्या पुरुषच विणतात.

घराणी वेगळी तसे हातही वेगळे. इंग्रजी पद्धतीत धागा उजव्या हाताने सुईवर टाकतात, जर्मन वळणात तो डाव्या बोटावर धरून सुईने उचलतात, पोर्तुगाल आणि अँडीजमध्ये मानेभोवतून घेऊन अंगठ्याने ढकलतात. आपल्याकडच्या बहुतेकींचा हात इंग्रजी वळणाचा आहे, कारण शिक्षक तिथले होते.

लिखित नमुन्याचा इतिहास त्यामानाने छोटा आहे. मोजा कसा विणावा याची छापील इंग्रजी कृती १६५५ सालच्या एका संग्रहात सापडते. वाचली तर डोकं चक्रावतं; परिमाणं नाहीत, क्रम सैल. एडिंबरोत लोकरीचं दुकान चालवणाऱ्या जेन गोगॅन यांनी १८४० मध्ये काढलेल्या पुस्तकात टाक्यांसाठी अक्षरांची सांकेतिक भाषा योजली. पुढे विसाव्या शतकात जपानी प्रकाशकांनी चौकटीच्या कागदावर प्रमाणित चिन्हं बसवली. त्या तक्त्यांचा फायदा असा की जपानीचं एक अक्षर न येणारी बाईही त्यावरून जाळी विणू शकते.

लिहिलेल्या नमुन्याच्या गुलामीतून विणणाऱ्यांना सोडवलं ते एलिझाबेथ झिमरमन यांनी. लंडनजवळ १९१० मध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये स्थायिक झालेल्या या बाईंनी सांगितलं की छातीचे टाके म्हणजे शंभर टक्के धरा. मनगटाला त्याचे वीस टक्के, दंडाला तेहेतीस, गळ्याला चाळीस. गोल सुईवर विणा, शिवण टाळा. बारा महिन्यांचे बारा नमुने देणारं त्यांचं 'निटर्स आल्मनॅक' १९७४ मध्ये आलं. त्यात मे महिन्यात पुढच्या हिवाळ्याचे हातमोजे आहेत आणि जुलैत प्रवासात विणायची शाल. ती शाल गणितावर उभी आहे. वर्तुळाची त्रिज्या दुप्पट झाली की परीघही दुप्पट होतो. म्हणून नऊ टाक्यांनी सुरुवात करायची आणि तीन, सहा, बारा, चोवीस अशा दुपटीने वाढणाऱ्या फेऱ्यांनंतरच टाके दुप्पट करायचे. मधल्या फेऱ्यांत एकही टाका वाढवायचा नाही. तिथे साधं विणा किंवा मनाला येईल ती जाळी घाला. ऋतू आणि नमुना यांचं नातं सर्वांत स्पष्ट कोणी मांडलं असेल तर या पुस्तकाने, आणि प्रस्तुत संग्रहाची प्रेरणाही तिथलीच.

महाराष्ट्रात दोन सुया आल्या त्या एकोणिसाव्या शतकात, मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळांतून आणि इंग्रज बायकांच्या हातांतून. इथली लोकर तेव्हाही होती. धनगरांच्या दख्खनी मेंढ्या वर्षातून दोनदा कातरतात, पण त्यांची लोकर राठ आणि केसाळ. ती घोंगडीला उत्तम, बाळाच्या गालाला नाही. त्यामुळे मराठी विणकाम पहिल्यापासून बाहेरच्या लोकरीवर वाढलं. ते रुजलं मात्र इथल्याच जागी, बाळंतविड्यात. झबली, दुपटी, कुंची यांच्या रांगेत लोकरीचं टोपडं, मोजे आणि छोटा स्वेटर जाऊन बसले आणि घरचेच झाले. मे महिन्याच्या सुट्टीत आजी किंवा मावशी वीस टाके घालून द्यायची. बाहुलीचा मफलर म्हणून सुरू झालेली पट्टी कधी रुंद, कधी अरुंद होत जायची, कारण टाके मोजायचे राहून जायचे. शाळेत विणकाम हा विषय होता, महिलांच्या मासिकांत नमुने येत. चीन युद्धाच्या वेळी, १९६२ मध्ये, देशभरातल्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले, त्यांत मराठी घरंही होती.

मग लुधियान्याचा तयार माल स्वस्त झाला. थंडीत तिबेटी विक्रेते शहरोशहरी स्वेटरचे ढीग मांडू लागले आणि घरच्या सुया माळ्यावरच्या पेटीत गेल्या. दुकानात 'लोकर' म्हणून जे मिळतं ते बहुतेकदा अ‍ॅक्रिलिक असतं, हेही आता सवयीचं झालं आहे.

असं असताना आज नव्याने पुस्तक कशाला? पहिलं कारण हवेत आहे. उन्हाळा लांबला आणि तरीही त्यात थंडी शिरली. एसी कार्यालयं, एसी बस, एसी लोकल आणि रेल्वेचे डबे यांत मे महिन्यातही खांद्यावर काहीतरी लागतं. जाड लोकरी स्वेटर तिथे उपयोगाचा नाही. सुती जाळीचा स्टोल, बिनबाह्यांचं हलकं जाकीट, अर्ध्या बाह्यांचं श्रग या वस्तूंना आता वर्षभर काम आहे, आणि बाजारात त्या अंगाच्या मापाने मिळत नाहीत.

दुसरं कारण धाग्याचं. अ‍ॅक्रिलिक स्वस्त आहे, धुवायला सोपं आहे, कसर लागत नाही; पण घाम टिपत नाही आणि धुताना त्याचे सूक्ष्म प्लास्टिक तंतू पाण्यात जातात. उन्हाळ्याच्या वस्तूला ते सर्वांत गैरसोयीचं. सूत घाम शोषतं, गार लागतं. मात्र त्याला लोकरीची लवचीकता नाही. लोकरीच्या तंतूला नैसर्गिक कुरळेपणा असतो, ताणला तरी तो मागे येतो. सूत ताणलं की ताणलेलंच राहतं आणि स्वतःच्या वजनाने खाली ओघळतं. म्हणून लोकरीसाठी लिहिलेला नमुना जसाच्या तसा सुतात विणला की चार वापरांत बाह्या बोटांपर्यंत येतात. लोकरीची जाळी ओली करून, टाचण्यांनी ताणून वाळवली की उघडते आणि तशीच राहते. सुताची तेवढी राहत नाही, तिला विणतानाच मोठी सुई द्यावी लागते. परदेशी नमुने हातात घेऊन निराश झालेल्या कित्येकींची चूक हातात नव्हती, धाग्यात होती.

तिसरं कारण भाषेचं. नमुन्यांची आज काही टंचाई नाही. इंग्रजीत ते ढिगांनी मिळतात. पण त्यांतल्या अक्षरांच्या साखळ्या आजीच्या 'दोन सुलट, धागा पुढे, दोन एकत्र' शी जुळवताना गोंधळ होतो. त्यात सुयांचे आकडे. आपल्याकडच्या दुकानांत अजून जुनी ब्रिटिश मोजणी चालते. आकडा वाढला की सुई बारीक. आठ नंबरची ४ मिलिमीटरची, दहा नंबरची सव्वातीनची. अमेरिकी पुस्तकात आकडा वाढला की सुई जाड. तिथली आठ नंबरची ५ मिलिमीटरची आणि दहा नंबरची ६. मराठवाड्यातल्या एखाद्या गावात अमेरिकी नमुन्यावरून आठ नंबरची सुई घेतली की स्वेटर थेट धाकट्या मुलाच्या मापाचा होतो. या पुस्तकात म्हणूनच प्रत्येक सुई मिलिमीटरमध्ये दिली आहे आणि शेजारी आपल्या दुकानातला आकडा.

नमुने निवडताना संपादकांनी तीन कसोट्या लावल्या. एक, उकाड्यात मांडीवर ओझं होता कामा नये. पाठ-पोट एकत्र विणत जाणारा मोठा स्वेटर शेवटी शेवटी गोधडीसारखा पायांवर पसरतो. त्याऐवजी मोजे, टोपडी, मधोमध सुरू होणारी शाल, सुटे तुकडे विणून मागाहून जोडायची दुलई असे प्रकार इथे जास्त आहेत. दुसरी, काम कुठेही थांबवता आलं पाहिजे: कुकरची शिट्टी, दारावरची घंटा, लोकलमधलं उतरायचं स्टेशन. ज्या जाळीत प्रत्येक ओळीवर डोळे लावून बसावं लागतं, ती सुंदर असली तरी वगळली. जिथे नक्षी एकाआड एक ओळीत आहे आणि परतीची ओळ सरळ उलट जाते, ती घेतली. तिसरी, घरच्या बादलीत धुता यावं.

घामाच्या हातांचाही विचार आहे. दमट हवेत धातूच्या सुईवर धागा अडखळतो किंवा सुईच निसटते. बांबूची सुई घाम टिपते आणि टाके धरून ठेवते. गडद लोकर संध्याकाळच्या उजेडात दिसत नाही, म्हणून पावसाळी ढगांखाली विणायचे नमुने फिकट रंगांत दिले आहेत. हे तपशील क्षुल्लक वाटतात. अर्धवट राहिलेल्या स्वेटरांच्या पिशव्या ज्यांनी उघडून पाहिल्या आहेत त्यांना वाटणार नाहीत.

जे या पुस्तकात नाही तेही सांगायला हवं. क्रोशाची परंपरा महाराष्ट्रात दोन सुयांपेक्षा कदाचित जास्त समृद्ध आहे. तोरणं, रुमाल, थालपोस यांचं ते जग स्वतंत्र पुस्तक मागतं, इथे ते फक्त काठांपुरतं येतं. यंत्रविणकाम नाही. थंड देशांतले भरघोस वेण्यांचे स्वेटर नाहीत. त्यांची ओळख करून दिली आहे, पण कृती देण्याचा मोह टाळला आहे. शाळकरी मुलाला दोन-तीन महिने घालायच्या स्वेटरला तेवढी लोकर आणि तेवढी ऊब लागत नाही. दख्खनी लोकर मात्र घेतली आहे, अंगावर न येणाऱ्या वस्तूंसाठी: पिशवी, आसन, गरम भांड्याखालची चकती. कातरणीचाही खर्च अनेकदा निघत नसलेल्या या लोकरीला जाड सुईवर चांगलं रूप येतं, हे संपादकांनी करून पाहिलं आहे.

आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा आली आहे आणि ती कंटाळवाणी वाटली तरी गाळू नये: चाचणीचा चौकोन. नमुन्यात दहा सेंटिमीटरला २२ टाके सांगितले असतील आणि छाती शंभर सेंटिमीटर असेल, तर २२० टाके होतात. विणणारीचा हात सैल असून तिचे दहा सेंटिमीटरला २० च बसले, तर तेच २२० टाके ११० सेंटिमीटर भरतात आणि स्वेटर दुसऱ्याच माणसाचा होतो. फरक दोन टाक्यांचा, भोगावं लागतं महिनाभराच्या कामाला. सुताचा चौकोन तर धुऊन, वाळवून, वर थोडं वजन टांगून मगच मोजायचा, कारण तो धुण्याआधी खरं बोलत नाही.

नवख्या वाचकाने कुठून सुरुवात करावी? संग्रहातला पहिला नमुना मुद्दाम झिमरमन यांच्या वर्तुळाच्या हिशोबावर बेतलेली सुती ओढणी आहे. त्यासाठी मध्यम जाडीचं सूत, ४ मिलिमीटरची गोल सुई आणि ओळ मोजायला एक कागद लागतो. आधी तीस टाक्यांचा चौकोन विणून तो ऑक्टोबरच्या दुपारी गच्चीवर वाळत टाकावा. तासाभरात कोरडा होतो. तेवढ्या वेळात दुसऱ्या गुंड्याचं टोक शोधून नऊ टाके सुईवर घालता येतात.